विनम्रता आणि आत्मसन्मान : ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रकाशात

विनम्रता हा ख्रिस्ती जीवनाचा पाया मानला जातो. प्रवचनांतून, तपःकाळातील मनन-चिंतनातून आणि घरातील संस्कारांतून हा सद्गुण लहानपणापासून आपल्या मनावर बिंबविला जातो. तथापि हा शब्द जितका परिचयाचा आहे, तितकाच त्याचा अर्थ निसटता आहे. ‘मी कशाच्याही योग्यतेचा नाही’ असे सतत म्हणत राहणे म्हणजे विनम्रता काय? अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजे विनम्रता काय? आणि स्वतःच्या माणूसपणाचा मान राखणे हा अहंकार ठरतो काय? या प्रश्नांची उत्तरे चुकली, तर सद्गुणाच्या नावाखाली माणूस चिरडला जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाचे थोडे विवेचन करीत आहोत. पुणे धर्मप्रांतात मोडणाऱ्या सोलापूर जिल्ह्याच्या भूमीने हा प्रश्न शतकानुशतके अनुभवला आहे. तेव्हा उदाहरणेही आम्ही मुख्यतः येथीलच घेतली आहेत.

शब्दांचा अर्थ

‘नम्र’ हा शब्द ‘नम्’ म्हणजे वाकणे या संस्कृत धातूपासून आला आहे. लॅटिन भाषेत विनम्रतेला ‘हुमिलितास’ म्हणतात आणि त्याचे मूळ ‘हुमुस’ म्हणजे माती या शब्दात आहे. विनम्र मनुष्य म्हणजे ज्याचे पाय मातीवर आहेत, जो स्वतःचे मूळ विसरलेला नाही, असा मनुष्य. उत्पत्तीच्या पुस्तकानुसार देवाने मनुष्याला मातीपासून घडविले (उत्पत्ती २:७). परंतु त्याच वचनात असेही सांगितले आहे, की त्या मातीत देवाने स्वतःचा श्वास फुंकला. त्यापूर्वीच्या अध्यायात तर स्त्री आणि पुरुष यांना देवाने आपल्या प्रतिरूपात निर्माण केल्याचे वर्णन आहे (उत्पत्ती १:२७). माती आणि देवाचा श्वास या दोन्ही गोष्टी मिळून मनुष्य होतो. जो माती विसरतो तो अहंकारी होतो. जो श्वास विसरतो तो स्वतःला कवडीमोल समजू लागतो. या दोन्ही अवस्था असत्य आहेत. अव्हिलाच्या संत तेरेजा यांनी विनम्रतेची सांगड सत्याशी घातली, ती याच कारणाने. स्वतःला आहे त्याहून मोठे मानणे जसे खोटे, तसेच आहे त्याहून क्षुद्र मानणेही खोटेच होय.

प्रभू येशूचा आदर्श

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले. हा प्रसंग आपण दरवर्षी पवित्र गुरुवारी स्मरतो. परंतु संत योहान त्याआधी जे नोंदवितो, त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आहोत व देवाकडे जात आहोत, हे येशू जाणून होता. आणि हे जाणूनच तो भोजनावरून उठला व त्याने कमरेला रुमाल बांधला (योहान १३:३-४). म्हणजे आपण कोण आहोत याची खात्री आधी आणि पाय धुणे नंतर. ज्याला स्वतःच्या थोरवीची पूर्ण जाणीव आहे, तोच हे काम कमीपणा न मानता करू शकतो.

दुसरा प्रसंग त्याच रात्रीचा आहे. हन्नापुढे चौकशी चालू असता एका शिपायाने येशूच्या थोबाडीत मारली. येशूने त्याला उलट मारले नाही, पण तो गप्पही बसला नाही. आपण काही वावगे बोललो असलो तर ते सिद्ध करावे, नसल्यास हा मार कशासाठी, असे त्याने शांतपणे विचारले (योहान १८:२२-२३). दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण देणाऱ्या प्रभूनेच हा जाब विचारला आहे. सूड घेऊ नये याचा अर्थ अन्यायाला न्याय म्हणावे असा होत नाही.

परूशी व जकातदार यांच्या दाखल्यातही (लूक १८:९-१४) हाच धडा दडलेला आहे. जकातदार ऊर बडवून दयेची याचना करतो, पण ती देवापुढे. तो परूश्याच्या पाया पडत नाही. परूशी मात्र देवापुढे उभा असूनही शेजाऱ्याकडे पाहून आपली उंची मोजतो. ख्रिस्ती माणसाने वाकायचे ते देवापुढे आणि सेवेसाठी. दुसऱ्या माणसाला श्रेष्ठ व स्वतःला जन्मतः कनिष्ठ मानून वाकणे हे शुभवर्तमानाने कोठेही सांगितलेले नाही.

पवित्र मरियेचे स्तोत्र

प्राचीन ग्रीक जगात ‘तापेइनोस’ हा शब्द बहुधा हीन, गुलामी वृत्तीच्या माणसासाठी तुच्छतेने वापरला जात असे. नव्या करारात त्याच मुळापासून आलेला शब्द पवित्र मरिया स्वतःच्या दीन स्थितीसाठी वापरते (लूक १:४८), आणि त्याच वचनात सर्व पिढ्या आपल्याला धन्य म्हणतील असेही ती निःसंकोचपणे सांगते. दीनता आणि धन्यता यांत तिला विरोध दिसत नाही, कारण दोन्ही गोष्टी देवाने पाहिल्या व केल्या आहेत. पुढे ती गाते, की देव सिंहासनावरील बलवंतांना खाली उतरवितो व दीनांना वर उचलतो (लूक १:५२). आमच्या मते विनम्रतेचे सारे रहस्य या दुहेरी कार्यात आहे. उंचावर बसलेल्याने उतरणे ही जशी विनम्रता आहे, तसेच दबलेल्याने देवाचा हात धरून उभे राहणे हीदेखील विनम्रताच आहे. दोघांनाही एकच उपदेश करणे हा अन्याय होय.

संत पौल आणि फिलिप्पै नगर

ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले व क्रूसावरील मरणापर्यंत तो आज्ञाधारक राहिला, हे विनम्रतेचे सर्वांत गहन वर्णन संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आढळते (फिलिप्पै २:५-११). परंतु याच फिलिप्पै नगरात पौलाचे स्वतःचे वर्तन कसे होते, हे प्रेषितांच्या कृत्यांत वाचावे (१६:२२-३९). तेथे पौल आणि सीला यांना चौकशीविना भर चौकात फटके मारून तुरुंगात टाकण्यात आले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडून देण्याचा निरोप पाठविला. पौलाने नकार दिला. आपण रोमी नागरिक आहोत, आपल्याला उघडपणे मारले आहे, तेव्हा अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, अशी त्याने मागणी केली. अधिकारी आले व त्यांनी विनवणी केली. विनम्रतेचे ते थोर वर्णन याच माणसाने, याच गावातील श्रद्धावंतांना लिहिले आहे. त्यांनी हे दोन्ही पौल पाहिले होते.

पंढरपूरची पायरी

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासमोर, नामदेव पायरीजवळ संत चोखामेळा यांची समाधी आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजातील या संताला मंदिराच्या आत प्रवेश नव्हता. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढे येथे गावकुसाचे काम करीत असता ते कोसळून त्यांना मृत्यू आला. त्यांच्या अस्थी संत नामदेवांनी पंढरपूरला आणल्या, अशी परंपरा आहे. चोखोबांच्या अभंगांत देवापुढील पराकोटीची लीनता आहे. तसाच सोवळ्या-ओवळ्याच्या भेदाला विचारलेला रोखठोक प्रश्नही आहे. देवापुढे लीन असलेल्या या संताला समाजाने लादलेली हीनता मान्य नव्हती. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले, तेव्हा कोठे ते द्वार दलितांसाठी खुले झाले. मधल्या सहाशे वर्षांत कित्येक पिढ्यांना पायरीवरच थांबणे हाच तुमचा धर्म असे सांगितले गेले असेल! लादलेल्या अवमानाला विनम्रता म्हणू नये, हे या पायरीजवळ उभे राहिले की सहज पटते.

सोलापूरचे सेटलमेंट

सोलापूर शहरात ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखला जाणारा भाग आजही आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. काही जमातींच्या माणसांना केवळ जन्मामुळे गुन्हेगार ठरविण्यात आले. त्यांना तारांच्या कुंपणात राहावे लागे व नित्य हजेरी द्यावी लागे. सोलापूरची वसाहत ही अशा वसाहतींपैकी एक मोठी वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला तरी त्याने मारलेला शिक्का सहजी पुसला गेला नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. देशातील अशा अनेक वसाहतींचा कारभार सॅल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांनी चालविला होता. तेथे शिक्षण व उद्योग मिळाले हे खरे. पण ज्या बालकाला देवाचे प्रतिरूप म्हणावयाचे, त्याची हजेरी जन्मजात गुन्हेगार म्हणून घ्यावयाची, ही विसंगती त्या काळी फार थोड्यांना जाणवली. सेवा करणाऱ्याने सेव्य माणसाचा मान राखला नाही, तर सेवेतही अहंकार शिरतो.

उतरणे म्हणजे काय?

उंचावरून उतरण्याचे एक सुंदर उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाई काही काळ पंढरपूर येथे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे पतीकडे परतल्यावरही त्या कटाक्षाने सोवळे पाळीत. माणसे देवाने घडविली, मग या जाती कोणी घडविल्या, असा विचार त्यांच्या मनात एके दिवशी आला, आणि त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे कुटुंब प्रॉटेस्टंट पंथाचे असले, तरी ‘स्मृतिचित्रे’ हा त्यांचा ग्रंथ समस्त मराठी ख्रिस्तीजनांचा ठेवा आहे. लक्ष्मीबाईंनी जन्माची प्रतिष्ठा सोडली. स्वतःचा मान मात्र कधी सोडला नाही. नवऱ्यालाही त्या रोखठोक बोलत!

ख्रिस्तसभेचे आत्मपरीक्षण

दुसऱ्यांचे दोष दाखविण्यापूर्वी आपल्या घराकडे पाहणे इष्ट ठरेल. भारतीय ख्रिस्तसभेतही जातिभेद शिरला; दक्षिणेत काही ठिकाणी दफनभूमीसुद्धा वेगळी राहिली. भारतीय कॅथलिक महागुरुस्वामींच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून हे वास्तव मान्य केले. तमिळ भूमीतील देवसहायम् (१७१२-१७५२) यांनी राजदरबारातील मान बाजूला ठेवून सर्व जातींच्या माणसांशी बरोबरीने व्यवहार केला. त्यांना १५ मे २०२२ रोजी संतपद बहाल करण्यात आले. रोमहून ८ एप्रिल २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘दिग्नितास इन्फिनिता’ या घोषणापत्रात, मनुष्याची प्रतिष्ठा त्याच्या अस्तित्वातच असून कोणत्याही परिस्थितीत ती हिरावून घेता येत नाही, असे शिकविले आहे.

ही शिकवण घराच्या उंबऱ्याच्या आतही लागू आहे. नवऱ्याचा मार सोसणाऱ्या भगिनीला ‘हाच तुझा क्रूस’ असे सांगून परत पाठविणे ही विनम्रतेची शिकवण नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी ‘अमोरिस लेतित्सिया’ (२०१६) या पत्रात कौटुंबिक हिंसेचा निषेध केला आहे, आणि दुर्बल जोडीदाराच्या किंवा मुलांच्या रक्षणासाठी विभक्त राहणे प्रसंगी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असे स्पष्ट केले आहे. प्रभूने क्रूस स्वेच्छेने उचलला. दुसऱ्याच्या खांद्यावर तो लादण्याचा अधिकार कोणालाही दिला नाही.

स्वतःला तपासून पाहण्यासाठी

खरी विनम्रता कशी ओळखावी? काही खुणा उपयोगी पडतील. विनम्र मनुष्य आपली चूक कबूल करतो, पण न केलेल्या अपराधाचे ओझे वाहत नाही. तो आपले गुण नाकारत नाही. ते देणगी म्हणून स्वीकारतो व वापरतो. प्रशंसेने तो फुगत नाही आणि टीकेने मोडून पडत नाही. तो इतरांना मदत करतो, तशीच गरज पडल्यास मदत मागूही शकतो. याउलट खोट्या विनम्रतेत सारे लक्ष स्वतःकडेच असते. आपण किती क्षुद्र आहोत याचाच विचार रात्रंदिवस चालतो. प्रभूने शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्यास सांगितले (मार्क १२:३१). जो स्वतःचा तिरस्कार करतो, त्याच्या हाती शेजाऱ्यासाठी मापच उरत नाही.

प्रिय वाचकहो, राखेच्या बुधवारी आपण सर्वजण कपाळावर राख घेतो. त्या रांगेत कारखानदार असतो आणि विड्या वळणारी आईही असते. राख दोघांनाही तीच लागते. स्नानसंस्काराचे पाणीही दोघांच्या मस्तकी तेच पडलेले असते. या दोन खुणांपैकी आज आपल्याला कोणत्या खुणेचे स्मरण अधिक हवे आहे, हे प्रत्येकाने प्रभूसमोर प्रामाणिकपणे ठरवावे. ज्याला उतरायचे आहे त्याला प्रभू उतरण्याचे बळ देवो, आणि ज्याला उठायचे आहे त्याला तो आपला हात देवो.