मावळचा दाणा आणि मजुरीचे माप



कामगार चळवळीतला माणूस वलवणला व्याख्यानाला उभा राहिला, म्हणजे तो धरणाविषयी किंवा संपांविषयी बोलेल अशी अपेक्षा असणे साहजिक आहे. धरण आज येणार आहे आणि मजुरीही येणार आहे. परंतु त्यांच्याकडे मी धान्याच्या दाण्यावरून जाणार आहे. मी कृषिशास्त्रज्ञ नव्हे, वैद्यही नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत, वेतनाचे करार आणि महागाईचे तक्ते वाचता वाचता झाले. त्या तक्त्यांत धान्याचे वजन असते आणि किंमत असते. ते कोणत्या जमिनीत पिकले आणि त्या दाण्यात काय उतरले, हा रकाना कोठेच नसतो. तो का नाही, आणि नसल्यामुळे कोणाचे नुकसान झाले, एवढाच माझा आजचा विषय आहे.

प्रथम एका परक्या धान्याचे उदाहरण घेतो, कारण त्यात फरक ठळक दिसतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पठारांवर किनोआ नावाचे धान्य हजारो वर्षे पिकत आले आहे. आपला राजगिरा आणि चाकवत यांच्या कुळातलेच ते. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष किनोआचे म्हणून पाळले, आणि आता ते आपल्याकडील मोठ्या शहरांतही चढ्या भावाने मिळते. अमेरिकन सरकारच्या अन्नतक्त्यात १०० ग्रॅम किनोआमध्ये ४७ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे ४.६ मिलिग्रॅम लोह नोंदले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात त्याच किनोआपुढे १९८ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे ७.५ मिलिग्रॅम लोह लिहिले आहे. धान्याचे नाव एकच, आणि कॅल्शियममध्ये चौपट फरक! यात वाणाचा वाटा असेल, मातीचा असेल, दाणा धुण्याच्या रीतीचा असेल, तपासणीच्या पद्धतीचाही असेल. पण एकच वाण निरनिराळ्या ठिकाणी पेरून पाहिले, तेव्हाही दाण्यातील क्षारांचे प्रमाण जागेप्रमाणे बदललेले आढळले आहे. तेव्हा धान्याचे नाव सांगितले म्हणजे त्याचा कस सांगितला, असे होत नाही.

आता आपल्या मावळात या. आपल्या पायांखालचा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकालाही तोच काळा दगड आहे. मग जमीन निराळी का? पावसामुळे. घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. शिरूर-बारामतीकडे तो पाचशेच्या आसपास असतो. आपल्याकडचे पाणी मातीतला चुना आणि इतर विरघळणारे क्षार धुऊन नेते व आम्लधर्मी तांबूस माती मागे ठेवते. पूर्वेकडे हे क्षार जागीच राहतात, म्हणून तिथल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे हाताला लागतात.

या धुपलेल्या मातीतून धान्य काढण्यासाठी मावळच्या शेतकऱ्याने दोन प्रकारची शेती बसवली. सपाटीवर बांध घालून भातखाचरे केली. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरई, सावा ही पिके फिरवून घेतली व मग ती जमीन काही वर्षे गवताला सोडली. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची चाल होती. डहाळ्या, पालापाचोळा आणि शेण दाढीच्या जागेवर पसरून पावसापूर्वी जाळायचे. एकोणिसाव्या शतकातील जंगल खात्याला ही उधळपट्टी वाटली. डहाळ्या तोडण्यावर निर्बंध आले, ठाणे-कुलाबा भागांत असंतोष वाढला आणि १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास करून १९१२ साली निबंध प्रसिद्ध केला. राबाचा उपयोग केवळ राखेच्या खतापुरता नसून जमीन तापल्यानेही रोपांना फायदा होतो, हे त्या अभ्यासातून पुढे आले. अडाण्याची समजूत म्हणून जी चाल हिणवली गेली होती, तिच्यामागे जमिनीची जाण होती.

येथे एक शंका कोणीही काढील. जमिनीत चुना कमी, तर आपल्या दाण्यातही चुना कमी असणार! हैदराबादचे जुने तक्ते पाहा. १०० ग्रॅम ज्वारीत २५ मिलिग्रॅम कॅल्शियम, सडलेल्या तांदळात १०, आणि नाचणीत ३४४. चुनखडीच्या रानात वाढणारी ज्वारी मागे, आणि पावसाने धुतलेल्या उतारावरची नाचणी तिच्या तेरापटींहून पुढे! याचे कारण असे, की मुळांनी घेतलेला चुना पाण्याबरोबर पानांत चढतो आणि बहुतांशी तेथेच राहतो. पानांकडून दाण्याकडे जाणाऱ्या रसात तो फारसा उतरत नाही. नाचणीच्या अंगी मात्र तो दाण्यात साठवण्याचा गुण आहे. म्हणून प्रत्येक गोष्ट मातीच्या माथी मारणेही बरोबर नाही. नाचणी-नाचणीतही फरक आहे. एका तपासणीत निरनिराळ्या वाणांत १६२ पासून ४८७ मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम सापडले.

जस्त आणि सेलेनियम यांची गोष्ट वेगळी. तेथे जमिनीचा अंमल मोठा. भातखाचरात पाणी साचले की माती हवेवाचून राहते. तिच्यातले लोह विरघळून रोपाला मिळते, तर जस्त उलट अडकून पडते. १९६६ साली पंतनगरच्या कृषि विद्यापीठात डॉ. वाय. एल. नेने यांनी दाखवून दिले, की तराईतील भातावर पडणारा 'खैरा' रोग हा जंतूंमुळे होत नसून जस्ताच्या अभावाने होतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींतही जस्त आणि लोह पिकाला पुरेसे मिळत नाही, ही तक्रार आज सर्वमान्य आहे. फिनलंडच्या मातीत सेलेनियम कमी, म्हणून तेथील धान्यात ते कमी आणि माणसांच्या रक्तातही कमी. त्या सरकारने १९८५ च्या सुमारास खतातच सेलेनियम मिसळण्यास आरंभ केला आणि लोकांच्या रक्तातले प्रमाण वाढले. शेतात काय घातले जाते, याचा हिशोब माणसाच्या अंगापर्यंत पोहोचतो, याचा याहून स्वच्छ पुरावा नको.

आता वलवणकडे वळू. १९११ साली लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली. लोणावळा, वलवण आणि शिरवता येथे पाणी अडवले गेले, आणि १९१५ पासून ते पाणी घाटाखाली खोपोलीला सतराशे फुटांहून अधिक उंचीवरून कोसळून मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागले. एरवी पूर्वेला इंद्रायणीतून भीमेकडे जाणारे पाणी पश्चिमेला वळले. दऱ्यांच्या तळातली जमीन पाण्याखाली गेली. शेजारच्या मुळशीत याच कारणावरून १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला, तो आपणांस ठाऊक आहे. गिरण्यांना वीज लागत होती, तशीच माणसेही लागत होती. घाटावरून आणि कोकणातून ती गेली. गावी उतारावरची नाचणी खाणारा माणूस चाळीत राहू लागला, आणि त्याच्या ताटात दुकानातला सडलेला तांदूळ व पुढे रेशनचा गहू आला. भाकरी कोठून येते हे त्याला पूर्वी दिसत होते. आता फक्त तिचा भाव दिसू लागला.

भावावरूनच त्याची मजुरी ठरू लागली. येथे निलगिरीतील कुन्नूरचा उल्लेख केला पाहिजे. तेथे १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी आहारसंशोधन सुरू केले. तीच संस्था १९५८ साली हैदराबादला गेली. १९२६ साली मॅककॅरिसन आणि विश्वनाथ यांनी शेणखतावरचे आणि रासायनिक खतावरचे धान्य प्राण्यांना घालून तुलना केली आणि शेणखतावरचे धान्य अधिक पोषक ठरवले. तो निष्कर्ष पुढे वादात राहिला. पण पीक कसे वाढले यावर अन्नाचा कस अवलंबून असतो का, हा प्रश्न आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत विचारला गेला होता, हे ध्यानात ठेवावे. मॅककॅरिसन यांच्यानंतर कुन्नूरला आलेले डॉ. अ‍ॅक्रॉइड यांच्या आहारसूत्राचा आधार घेऊन १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे माप ठरवले. प्रौढ माणसामागे दिवसाला २,७०० उष्मांक, आणि कुटुंबाची तीन प्रौढ एकके.

हे माप कामगारांनी लढून मिळवलेले आहे, आणि मी त्याला कमी लेखत नाही. त्याच्यामुळे उपाशी पोटाला कायद्याच्या भाषेत जागा मिळाली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात शिक्षण, औषधोपचार इत्यादींसाठी पंचवीस टक्क्यांची भर घातली. २०१९ च्या वेतन संहितेखाली जे नियमांचे मसुदे निघाले, त्यांतही तेच २,७०० उष्मांक आहेत. पण या मापात काय सुटले ते पाहा. शंभर ग्रॅम तांदळात ३४५ उष्मांक आणि नाचणीत ३२८. उष्मांकांच्या तराजूत दोन्ही पारडी जवळजवळ सारखी. कॅल्शियमच्या तराजूत १० विरुद्ध ३४४. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. तीन एककांच्या हिशोबात पुरुष एक, स्त्री ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६ धरतात. उष्मांकांपुरते ते चालेल. परंतु आपल्याच आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि स्त्रीला २९. जिला दीडपट लोह लागते, तिला आपण चार पंचमांश माणूस धरून मजुरी मागत आलो! २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के, स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. याला बाळंतपणे, जंत, हिवताप अशी इतर कारणेही आहेत. पण ताटातले लोह हे त्यांतले एक आहेच.

इकडे दाणाही बदलतो आहे. पश्चिम बंगालमधील बिधानचंद्र कृषि विश्वविद्यालयाच्या संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकांत निघालेले भाताचे वाण एकाच प्रकारच्या मातीत लावून तपासले. साठच्या दशकातल्या वाणांत किलोमागे सरासरी २७ मिलिग्रॅम जस्त आणि जवळजवळ ६० मिलिग्रॅम लोह होते. २००० नंतरच्या वाणांत ते अनुक्रमे सुमारे २१ आणि ४३ वर आले. उत्पन्न वाढवण्याकडे लक्ष राहिले, क्षारांकडे राहिले नाही. भरीला हवा बदलते आहे. कारखानदारीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग कर्बवायू होता. आता तो ४२० च्या वर गेला आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सुमारे ५५० भाग कर्बवायूत वाढवलेल्या गव्हात जस्त ९ टक्क्यांनी आणि लोह ५ टक्क्यांनी घटले. तांदळातही घट दिसली. ज्वारी-मक्याच्या जातीच्या पिकांवर हा परिणाम कमी दिसला, आणि आपली नाचणी त्याच गटात मोडते.

मी नाचणीचे देव्हारे माजवू इच्छीत नाही. तिच्यातले काही घटक कॅल्शियम आणि लोह अंगी लागू देत नाहीत; मोड आणून किंवा आंबवून तो दोष कमी होतो, आणि नाचणीचे सत्त्व करणाऱ्या किंवा आंबील घालणाऱ्या आपल्या आज्यांना ती रीत माहीत होती. तांदळालाही मी शत्रू मानत नाही. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणी तांदळाने येथील शेतकऱ्याला चार पैसे दिले आहेत. सरकारने २०२१ साली रेशनच्या तांदळात लोह मिसळण्याचे जाहीर केले, त्यामागची काळजीही मला समजते. पण जे शेतात आणि वाणात कमी पडले, ते कारखान्यात वरून मिसळून देणे हा एकमेव उपाय नव्हे.

माझे मागणे तिहेरी आहे. किमान वेतन ठरवताना उष्मांकांबरोबर लोह, जस्त आणि कॅल्शियम यांचा हिशोब व्हावा, आणि तो स्त्रीची गरज धरून व्हावा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याला जागा आहे. तिचा उपयोग करून मावळची नाचणी परवडेल अशा भावाने येथेच खरेदी व्हावी आणि येथल्याच रेशन दुकानांत मिळावी. आणि नवे वाण निवडताना किती क्विंटल पिकले याच्याबरोबर दाण्यात काय उतरले, हेही तपासले जावे. पहिले मागणे कामगार संघटनांचे काम आहे, आणि ते आम्ही आमच्या मागण्यांच्या पत्रकात घातले पाहिजे. उरलेली दोन तुम्हां-आम्हां सर्वांची आहेत. ग्रामसभेत आणि तालुक्याच्या कचेरीत ती मांडता येतात. ती मांडताना आपण माझ्याबरोबर याल, अशी आशा बाळगून मी आपली रजा घेतो.