कृष्णाकाठच्या विचारबैठका

श्रद्धावान माणसाला एकत्र येण्यासाठी देऊळ असते, मशीद असते, चर्च असते. गावात हरिनाम सप्ताह असतो, एकादशीचे कीर्तन असते, पंढरीची वारी असते. ज्यांनी कर्मकांड सोडले आणि माणूस हेच आपल्या नीतिविचाराचे केंद्र मानले, त्यांनी कोठे जमायचे? पुण्या-मुंबईसारख्या महानगरांत या प्रश्नाचे उत्तर सभागृहे आणि व्याख्यानमाला देतात. मात्र महाराष्ट्रात या विचाराची मुळे शोधू लागलो तर वाट कृष्णा नदीच्या काठाने वाई, सातारा, कऱ्हाड आणि सांगलीकडे जाते.

मराठीत ‘मानवतावाद’ हा शब्द पुष्कळदा भूतदया किंवा परोपकार अशा सैल अर्थाने वापरला जातो. विचारप्रणाली म्हणून त्याचा अर्थ अधिक नेमका आहे. माणसाने आपले प्रश्न विवेकाने आणि अनुभवाच्या कसोटीवर सोडवावेत, नीतीला पारलौकिक आधाराची गरज नाही आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य हे मूलभूत मूल्य आहे, ही त्याची मुख्य सूत्रे होत. या विचाराच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५२ साली ॲम्स्टरडॅम येथे स्थापन झाला. भारतात तर या मूल्याला राज्यघटनेचेच अधिष्ठान आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणावृत्ती यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदवले आहे. हे कर्तव्य एकट्याने घरात बसून पार पाडता येत नाही. त्यासाठी समोरासमोरची चर्चा लागते.

गुप्त सभा ते उघडी बैठक

महाराष्ट्रातील अशा बैठकांचा आरंभ बंद दाराआड झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडू पाहणारी ही तरुण मंडळी गुप्तपणे जमत आणि एकत्र खानपान करत. सुमारे १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावे उघड होण्याची भीती पसरली आणि सभा विस्कटली. विचार पटलेला असूनही तो चारचौघांत मान्य करण्याचे बळ नसेल तर काय होते, याचा हा पहिला धडा होता.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि बैठक उघड्यावर आणली. समाजाच्या साप्ताहिक सभांत शिक्षणाचा प्रसार, लग्नातील खर्च, मद्यपान, फलज्योतिष, भुताखेतांवरील विश्वास अशा रोजच्या विषयांवर चर्चा होत असे. फुले ‘निर्मिक’ मानत होते. त्यामुळे आजच्या काटेकोर अर्थाने सत्यशोधक समाजाला निरीश्वरवादी म्हणता येणार नाही. परंतु देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, प्रत्येकाने स्वतः विचार करावा, हा त्याचा आग्रह पुढच्या सर्व विवेकवादी चळवळींचा पाया ठरला.

फुले घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. विसाव्या शतकाच्या आरंभी सत्यशोधक विचार याच जिल्ह्यात खोलवर रुजला. व्याख्यानाला न येणारा माणूस जलशाला येत असे आणि गाण्या-नाट्यातून निघालेला प्रश्न घरी घेऊन जात असे. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तीही सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या विचारविनिमयातून. बोलण्यातून संस्था उभी राहू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

याच परिसरातील टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. १८५६ मध्ये जन्मलेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केले आणि बुद्धीला पटेल तेच आचरावे, हा विचार निर्भीडपणे मांडला. त्याबद्दल पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. आगरकरांना लेखणी मिळाली, वाचक मिळाले. पण पाठीशी उभी राहणारी संघटित मंडळी फारशी मिळाली नाही. १८९५ मध्ये, अवघ्या ३८ व्या वर्षी, ते निवर्तले.

वाईचे तर्कतीर्थ आणि रॉय यांचा विचार

शास्त्राभ्यासाची जुनी परंपरा असलेल्या वाईत मानवतावादाला एक मोठा भाष्यकार मिळाला. लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१-१९९४) प्राज्ञपाठशाळेत पारंपरिक पद्धतीने शिकले आणि ‘तर्कतीर्थ’ झाले. त्याच शास्त्राच्या बळावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध बाजू मांडली. महात्मा गांधींचे पुत्र देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांच्या १९३३ मधील आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्यही त्यांनीच केले. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराकडे ते वळले. शास्त्रार्थाच्या शिस्तीत वाढलेला पंडित नवमानवतावादापर्यंत पोहोचला, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. प्रतिपक्षाची बाजू प्रथम नीट मांडायची आणि मगच खंडन करायचे, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची पद्धत कोणत्याही चांगल्या चर्चेचा कणा असते.

रॉय यांनी १९४६ मध्ये आपल्या नव्या भूमिकेची २२ सूत्रे मांडली आणि १९४८ मध्ये स्वतःचा रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षच विसर्जित केला. सत्तास्पर्धेत उतरलेला पक्ष माणसाला विचार करायला शिकवत नाही, अनुयायी व्हायला शिकवतो, अशी त्यांची धारणा झाली होती. पक्षाऐवजी त्यांनी अभ्यासशिबिरे आणि लोकसमित्या यांवर भर दिला. लहान गटाने एकत्र बसून वाचावे, वाद घालावा आणि आपल्या परिसराच्या प्रश्नांवर निर्णय घ्यावा, ही ती कल्पना होती. महाराष्ट्रात न्या. वि. म. तारकुंडे यांच्यासारख्यांनी हा विचार पुढे नेला. वाईत ‘नवभारत’ मासिक आणि मराठी विश्वकोश यांमुळे वैचारिक चर्चेला कायमचे ठिकाण मिळाले.

साताऱ्याचे दोन डॉक्टर

साताऱ्यात जन्मलेल्या दोन डॉक्टरांनी या परंपरेला लोकाभिमुख रूप दिले. एक, कान-नाक-घशाचे शल्यविशारद आणि श्रेष्ठ नट डॉ. श्रीराम लागू (१९२७-२०१९). दुसरे, डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५-२०१३). दाभोलकरांचे शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाले. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली आणि साताऱ्यातून तिचा विस्तार राज्यभर केला.

या दोघांचा ‘विवेकजागर’ हा जाहीर वाद-संवादाचा कार्यक्रम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की, व्यासपीठावरील दोघांचेही एकमत नव्हते. परमेश्वर ही कल्पना कालबाह्य झाली असून तिला आता निवृत्त करावे, असे लागू म्हणत. संघटना देव-धर्माबाबत तटस्थ आहे. घटनेने दिलेले उपासनेचे स्वातंत्र्य तिला मान्य आहे. तिचा विरोध देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, अशी दाभोलकरांची भूमिका असे. एकाच चळवळीतील दोन मित्र मूलभूत प्रश्नावर जाहीरपणे मतभेद मांडत आणि तरीही बरोबरीने काम करत. श्रोत्यांसाठी हा स्वतंत्र धडा होता. आस्तिकालाही त्या सभागृहात बसता येत होते, कारण त्याची बाजू तेथे थट्टेचा विषय होत नव्हती.

सांगलीचा वाटा

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी त्यांचा इतिहास गुंतलेला आहे. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झालेला जिल्हा १९६० मध्ये ‘सांगली’ झाला. किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर’ मासिकाने आणि त्यापाठोपाठ ‘स्त्री’ने मध्यमवर्गीय घरांत सुधारणेची चर्चा नेली. वाळवा तालुक्यातील ढवळी गावचे प्रा. एन. डी. पाटील (१९२९-२०२२) यांनी अंनिसचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले आणि विवेकवाद शेतकरी-कष्टकऱ्यांच्या प्रश्नांशी जोडला. ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र’ या मासिकाचे कामही सांगलीतून उभे राहिले. शाखांच्या बैठकांत चाचपडत झालेली चर्चा मासिकातून नेटकी होऊन इतर गावांपर्यंत पोहोचते, हा अशा नियतकालिकाचा उपयोग.

बैठकीत काय होते?

अंनिसच्या कामाची चतुःसूत्री प्रसिद्ध आहे: शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक चिकित्सा आणि व्यापक समाजपरिवर्तनाशी नाते. शाखेची बैठक याच चार सूत्रांभोवती फिरते. जागा बहुधा साधी असते: एखाद्या शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली किंवा कार्यकर्त्याचे घर. मागील कामाचा आढावा, आलेल्या तक्रारी, एखाद्या पुस्तकावर वा घटनेवर टिपण आणि नंतर चर्चा, असा क्रम असतो.

प्रात्यक्षिके हा या कामाचा सर्वांत लोकप्रिय भाग. मंत्राने होम पेटवण्याच्या चमत्कारामागे पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरिन यांची रासायनिक क्रिया असते, हे शाळकरी मुलांनाही डोळ्यांदेखत दाखवता येते. पण अनुभवी कार्यकर्ता तेथे थांबत नाही. चमत्काराचे कारण सांगून झाल्यावर त्या घरात बुवाची गरज का भासली, हा प्रश्न उरतोच. आजारपण, मूल न होणे, कर्ज, सासुरवास, नैराश्य यांची चर्चा करायला दुसरी जागा नसते, म्हणून माणूस बुवाकडे जातो. त्याला ऐकून घेणारी माणसे बैठकीत भेटली तरच त्याचे तेथे येणे टिकते.

बैठकीची खरी कसोटी घरातील मृत्यूच्या वेळी लागते. दहावे-तेरावे न करण्याचा निर्णय घेणारा माणूस त्या दिवसांत फार एकटा पडतो. नातेवाईक दुखावतात, शेजारी कुजबुजतात आणि त्याचे स्वतःचे मनही डळमळते. अशा वेळी चार सोबती येऊन बसले, गेलेल्या माणसाच्या आठवणी बोलल्या गेल्या, तर विधीवाचूनही निरोप देता येतो. सत्यशोधक विवाह, देहदान, शोकसभा यांचे महत्त्व या दृष्टीने पाहावे लागते. कर्मकांड नाकारणाऱ्यांनाही सोबतीची गरज असतेच.

त्रुटीही पाहाव्या लागतात

अशा बैठकांपुढील अडचणी बाहेरच्या जशा आहेत तशा आतल्याही आहेत. वक्ता तासभर बोलतो, प्रश्नांना शेवटची दहा मिनिटे उरतात आणि आभारप्रदर्शन होते; मग बैठकीची व्याख्यानमाला होऊन जाते. दुसरी अडचण एकमताची. तीच माणसे, तीच उदाहरणे आणि अनुपस्थित भाविकांवर तोच विनोद, असे होऊ लागले की नवा माणूस दुसऱ्यांदा येत नाही. तिसरी, वेळेची. संध्याकाळी सातच्या बैठकीला येणे नोकरदार पुरुषाला जमते. त्याच वेळी घरात स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला जमत नाही. स्त्रिया का येत नाहीत, असा प्रश्न बैठकीत विचारण्याआधी बैठकीची वेळ कोणी ठरवली, हे पाहिले पाहिजे. शिवाय, जातीचा प्रश्न भाषणात सुटतो आणि मुलामुलीच्या लग्नात पुन्हा उभा राहतो. या गोष्टींची चर्चा ज्या गटात मोकळेपणाने होते, तो गट टिकतो.

मोजलेली किंमत

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात डॉ. दाभोलकर यांची गोळ्या झाडून हत्या करण्यात आली. पाठोपाठ २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी यांचे खून झाले. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप ठोठावली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. ज्या कायद्यासाठी दाभोलकरांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर, डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने संमत केला. जातपंचायतींच्या मनमानीविरुद्धच्या मोहिमेतून सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदाही पुढे झाला.

हत्येनंतर कार्यकर्त्यांनी दिलेले उत्तर बैठकीच्याच परंपरेतले होते. दर महिन्याच्या २० तारखेला सकाळी ते घटनास्थळी, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, एकत्र जमत राहिले. परमहंस सभेची यादी चोरीस गेली तेव्हा सभासद पांगले होते. दीडशे वर्षांनंतर प्रत्यक्ष खून झाला, तरी माणसे आपापल्या नावाने, उघड्या चेहऱ्याने रस्त्यावर उभी राहिली. या चळवळीने महाराष्ट्रात काय कमावले, असे कोणी विचारले तर कायद्यांच्या आधी या बदलाचा उल्लेख करावा लागेल.

महानगरातील वाचकाला यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. मानवतावादी बैठकीला सभागृह, ध्वनिक्षेपक किंवा प्रसिद्ध वक्ता लागतोच असे नाही. पाच-सात माणसे, ठरलेला वार, वाचून आणलेला एक विषय आणि आपल्याशी असहमत असलेल्यासाठी राखलेली एक जागा एवढ्यावर ती सुरू होऊ शकते. मात्र ती पुढल्या आठवड्यातही भरली पाहिजे.