कार्ताझ आणि दस्तक

परराज्याच्या हद्दींत जावयाचें तर परवाना हवा, हा नियम जुन्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यास नवा नाहीं. सतराव्या शतकांत रोह्याहून कुंडलिकेनें खालीं आलेल्या गलबतास नदीच्या मुखाशीं एका अंगास रेवदंडा व दुसऱ्या अंगास कोर्लई लागे; दोन्ही ठाणीं पोर्तुगिजांचीं. पेणचें तारूं धरमतरच्या खाडींतून बाहेर पडे तों समोर मुंबई. तीही १६६५ पर्यंत त्यांचीच, पुढें इंग्रजांची.

समुद्रावर आपलाच हक्क मानून पोर्तुगीज व्यापारी जहाजांस ‘कार्ताझ’ घ्यावयास लावीत. त्यांत जहाजाचें व नाखव्याचें नांव, शस्त्रें आणि जाण्याचें बंदर नमूद असे. तो नसल्यास जहाज मालासह जप्त होई. अकबर बादशहाच्या जहाजांचीही यांतून सुटका नव्हती.

पुढें कान्होजी आंग्र्यांनीं याच किनाऱ्यावर आपलें दस्तक मागितलें, तेव्हां इंग्रजांनीं त्यांस चांचा ठरविलें! १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्याच्या किल्ल्यावर स्वारी केली, ती फसली. १७४० च्या तहानें चौल मराठ्यांकडे आलें. परवाना एकच, परकीयांनीं मागितला तर तो कायदा, आणि किनाऱ्याच्या धन्यानें मागितला तर चांचेगिरी, हा कोठला न्याय?

शेंगेन करारानें २६ मार्च १९९५ पासून पोर्तुगालसह सात युरोपीय देशांनीं आपसांतील सरहद्दींवरील तपासणी उठविली. रोहेकरास मात्र लिस्बनला जावयाचें तर आजही व्हिसा लागतो.