उत्तर आणि उपपत्ति

गणिताच्या उत्तरपत्रिका तपासण्याचें काम ज्यांच्याकडे वर्षानुवर्षें आलें आहे, त्यांना एक प्रकार पूर्ण परिचित असेल. उदाहरणाचें उत्तर बिनचूक असतें. पण तें कोठून आलें याचा मागमूस कागदावर नसतो. अशा एका उत्तरास प्रस्तुत लेखकानें कांहीं वर्षांपूर्वीं निम्मेच गुण दिले. विद्यार्थी तक्रार घेऊन आला. "सर, भास्कराचार्यांनीं तरी लीलावतींत पायऱ्या कोठें दिल्या आहेत?" असें त्यानें विचारलें. प्रश्नांत उद्धटपणा नव्हता, आणि त्या वेळीं मला समर्पक उत्तरही सुचलें नाहीं. तें शोधतां शोधतां जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

विद्यार्थ्याचें म्हणणें वरवर पाहतां खरें आहे. भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मधला, वयाच्या ३६ व्या वर्षीं त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि रचिला. लीलावती व बीजगणित हे त्याचेच भाग मानले जातात. लीलावतींत सूत्र पद्यांत, उदाहरणही पद्यांत, आणि खालीं उत्तर, अशी सामान्यतः मांडणी आहे. त्यांतील मोर व साप यांचें उदाहरण घेऊं. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशीं सापाचें बीळ आहे. साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येत असतां मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघांची गति सारखी आहे. तर बिळापासून किती हातांवर त्यांची गांठ पडेल? सूत्र सांगतें कीं, खांबाच्या वर्गास अंतरानें भागावें, भागाकार अंतरांतून वजा करावा, व बाकीचें अर्ध घ्यावें. ८१ भागिले २७ म्हणजे ३. २७ वजा ३ म्हणजे २४. त्याचें अर्ध १२. उत्तर आलें खरें, पण तें बाराच कां?

येथें पहिली पायरी अंकगणिताची नव्हेच. ती पदार्थविज्ञानाची आहे. गति सारखी आणि वेळही सारखा, म्हणून दोघांनीं कापलेलें अंतर सारखें. दुसरी पायरी भूमितीची: मोराची वाट हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण आहे. तिसरी बीजगणिताची: बिळापासून गांठीपर्यंतचें अंतर क्ष मानल्यास साप २७ − क्ष हात चालला, म्हणून (२७ − क्ष)² = ८१ + क्ष². दोन्ही बाजूंचा क्ष² निघून जातो; ७२९ − ५४क्ष = ८१ राहतें, आणि क्ष = १२ येतो. म्हणजे एका ओळीच्या सूत्रांत तीन शास्त्रें दडलेलीं आहेत. मोराची गति सापाच्या दुप्पट केली कीं तें सूत्र निकामी होतें. पायऱ्या जाणणारा मात्र पहिलीच पायरी बदलतो आणि पुढें चालूं लागतो.

आचार्यांना हें ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल? बीजगणितांत भ्रमरांच्या थव्याचें उदाहरण सोडवितांना त्यांनीं पायऱ्या मांडूनच दाखविल्या आहेत. थव्याच्या अर्ध्याच्या वर्गमूळाइतके भ्रमर मालतीकडे गेले, थव्याचे आठ-नवमांशही गेले, आणि दोन उरले. थवा यावत्तावत् मानला तर वर्गमूळ अडेल, म्हणून तो यावत्तावताच्या वर्गाच्या दुप्पट मानावयाचा. मग २क्ष² − ९क्ष = १८ असें समीकरण येतें. त्यास आठांनीं गुणून ८१ मिळविले कीं डावीकडे ४क्ष − ९ चा पूर्ण वर्ग होतो व उजवीकडे २२५. मूळ काढल्यावर ४क्ष − ९ = १५, म्हणून क्ष = ६ आणि थवा ७२. गुणण्याची ही युक्ति श्रीधराचार्यांची, हेंही ते सांगावयास विसरलेले नाहींत.

मग लीलावतींत मौन कां? त्याचें कारण पाठशाळेच्या रीतींत आहे. सूत्र पाठ करावयाचें शिष्यानें, पायऱ्या उलगडावयाच्या गुरूंनीं. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें जो शिलालेख सांपडला, त्यांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. पोथी एकटी पुरेशी नाहीं, ती उलगडणारा हवा, हें त्या घराण्यास माहीत होतें. परंतु मुखीं असलेली विद्या मुखाबरोबरच जाते. कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं शके १४६७ मध्यें, म्हणजे इ. स. १५४५ त, लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहून सूत्रांच्या उपपत्ति कागदावर आणिल्या. पुढें विदर्भांतून काशीस गेलेल्या घराण्यांतील कृष्ण दैवज्ञ यांनीं बीजगणितावर तेंच कार्य केलें. ऋण म्हणजे काय, हें दिशेच्या उलट दिशा, काळाच्या उलट काळ आणि धनाच्या उलट कर्ज अशा तीन परींनीं त्यांनीं समजाविलें.

एकोणिसाव्या शतकांत दिल्ली कॉलेजांतील अध्यापक रामचंद्र यांनीं सर्वांत मोठें व सर्वांत लहान मूल्य काढण्याचीं उदाहरणें, चलनकलनाचा आश्रय न घेतां, निव्वळ बीजगणितानें सोडवून इ. स. १८५० मध्यें कलकत्त्यास ग्रंथरूपानें छापिलीं. १८५९ सालीं लंडनमध्यें ऑगस्टस डी मॉर्गन यांनीं त्याच ग्रंथाची आवृत्ति आपल्या प्रस्तावनेसह काढविली. ग्रंथकर्त्यास कधीं न पाहिलेल्या वाचकास तो पारखतां आला, कारण प्रत्येक पायरी कागदावर होती. तेथें गुरूंच्या मुखाची वाट पाहावी लागली नाहीं.

भास्कराचार्यांनीं गोलाध्यायांत म्हटलें आहे कीं, उपपत्तीवांचून गणकास विद्वत्सभेंत प्रतिष्ठा मिळत नाहीं, आणि तो स्वतःही निःसंशय होत नाहीं. परीक्षक ही त्यांतली सभा होय. पण त्या विधानाचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे, हें मला त्याच विद्यार्थ्यानें शिकविलें. दुप्पट गतीच्या मोराचें उदाहरण मीं त्याला घातलें. दुसऱ्या दिवशीं तो पानभर आंकडेमोड घेऊन आला. उत्तर सतरा हातांहून थोडें अधिक येत होतें, पूर्णांकांत येत नव्हतें. "सर, पुस्तकांतलीं उत्तरें अशीं नसतात, म्हणून चुकलें असें वाटलें," तो म्हणाला, "चार वेळां प्रत्येक पायरी पाहिली. चूक नाहीं. समीकरणाचें दुसरें मूळ सत्तावीसांच्या पलीकडे जातें, तें मीं सोडलें."

उत्तर बरोबर होतें. तें पडताळण्यास त्याला माझी गरज उरली नव्हती, मागल्या पानावरच्या उत्तराचीही नव्हती. पहिल्या उत्तराचे गुण मीं वाढविले नाहींत, आणि त्यानेंही ते पुन्हां मागितले नाहींत.