मूळ इंजिन कोणतं?

'स्टेशन वॅगन' या नावातलं स्टेशन म्हणजे रेल्वेचं स्टेशन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आगगाडीनं आलेले पाहुणे आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलापर्यंत पोचवायला लोक मोटारीच्या सांगाड्यावर लाकडी खोका चढवायचे. आपल्याकडे स्टेशनबाहेर उभा असलेला टांगा जे काम करायचा, तेच हे. पुढे या गाड्या बंगलेवाल्यांच्या दारात गेल्या, पण अंग लाकडाचंच राहिलं. त्याला ठरावीक काळानं वॉर्निश लावावं लागे, आणि पाणी मुरलं की ते कुजे.

हा लाकडी खोका पोलादाचा कसा झाला, आणि ते पोलाद कोल्हापूरजवळच्या माझ्या शेडमध्ये येईपर्यंत त्याच्या पोटात ट्रॅक्टरचं इंजिन कसं शिरलं, याची ही गोष्ट आहे. शेडमध्ये गेली तीन वर्षं एक विलीस जीप स्टेशन वॅगन उभी आहे. फोर व्हील ड्राइव्ह आहे. आरसी बुकात साल 1960 लिहिलंय. नोकरी सांभाळून, रविवार आणि सुट्ट्या खर्चून मी ती पुन्हा रस्त्यावर आणतोय. या कामात सगळ्यात अवघड गेली ती गंजाशी मारामारी नव्हे. 'मूळ गाडी' म्हणजे नक्की कोणती, हे ठरवणं त्याहून अवघड गेलं.

सुरुवात युद्धापासून करू. दुसऱ्या महायुद्धात विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपलं आणि ओहायो राज्यातल्या टोलेडो गावच्या विलीसपुढे प्रश्न उभा राहिला, की आता विकायचं काय? कंपनीकडे मोटारीची बॉडी ठोकायचा स्वतःचा कारखाना नव्हता. मोठ्या प्रेसवर खोल, गोलाईदार पत्रे काढून देणारे बाहेरचे कारखाने मोठ्या कंपन्यांच्या कामात अडकले होते. मग ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरनं वेगळीच वाट काढली. घरगुती उपकरणांची पत्र्याची खोकी बनवणाऱ्यांच्या प्रेसवर निघेल असं अंग त्यानं आखलं. त्या प्रेस सुमारे सहा इंचांपेक्षा खोल दाबू शकत नव्हत्या. म्हणून या वॅगनच्या बाजू कपाटासारख्या सपाट आहेत आणि मडगार्डही पेटीसारखी चौकोनी.

1946 साली आलेली ही गाडी मोठ्या संख्येनं बनलेल्या संपूर्ण पोलादी स्टेशन वॅगनमध्ये पहिली मानली जाते. गिऱ्हाइकाला मात्र वॅगन म्हणजे लाकूड हीच सवय होती. तेव्हा पत्र्यावर लाकडी चौकटीसारखे उठाव दाबले आणि गडद तांबड्या गाडीवर मलई आणि तपकिरी रंगानं लाकडाचा भास उभा केला. म्हणजे ही गाडी जन्मापासूनच दुसऱ्या कुणासारखी दिसायचा प्रयत्न करत होती. 'मूळ रूप' हा शब्द कुणी फार जोरात उच्चारला की मला हे आठवतं.

पहिल्या वॅगन दोन चाकांच्या ताकदीवर चालायच्या. 1949मध्ये फोर व्हील ड्राइव्ह आलं. त्यात गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. तिचे दोन छोटे दांडे चालकाच्या हाताशी येतात. एकानं पुढच्या एक्सलला ताकद जोडायची किंवा तोडायची. दुसऱ्यानं 'लो' टाकायचा, म्हणजे वेग सुमारे अडीच पटीनं कमी होतो आणि ओढ तितकीच वाढते. पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून तो हिशेब भागवतं, कोरड्या डांबरावर घसरायला जागा मिळत नाही. ताण शाफ्टवर आणि दात्यांवर येतो. म्हणून हे चारचाकी बळ चिखलात, वाळूत, निसरड्या चढावर वापरायचं आणि पक्क्या सडकेवर सोडून द्यायचं. आजच्या अनेक गाड्यांत हे सगळं आपोआप होतं. इथे चालकाला जमीन ओळखावी लागते.

ही गाडी भारतात आली ती मुंबईमार्गे. 1945 साली 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. जे. सी. आणि के. सी. महिंद्र हे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद असे भागीदार होते. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, नंतर गव्हर्नर जनरलही. 1948मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. के. सी. अमेरिकेत असताना त्यांची गाठ बार्नी रूस यांच्याशी पडली होती. जीपच्या इंजिनाला दमदार बनवणारे विलीसचे इंजिनिअर ते हेच. 1949मध्ये माझगावात सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात झाली. पुढे जीपसोबत विलीसच्या वॅगनही परवान्याखाली इथे बनल्या. नव्या देशाला धरणं, कालवे, रस्ते बांधायचे होते. रस्ता नसलेल्या ठिकाणी माणसं आणि सामान एकदम नेणारं वाहन सरकारी खात्यांना हवंच होतं.

माझ्या वॅगनच्या आरसी बुकात पहिला मालक एक सरकारी खातं आहे. शिक्क्याची शाई पसरल्यानं कोणतं ते वाचता येत नाही. लिलावात ती एका ऊस बागायतदारानं घेतली. नंतर ती पांढरी, मग निळी झाली. घासकाम करताना हे थर सालींसारखे निघाले, आणि तळाशी करडट हिरवा रंग लागला. लाकडाचा भास रंगवलेला कुठेच सापडला नाही. चौकटीचे उठाव मात्र पत्र्यात जसेच्या तसे आहेत.

काय कधीचं आहे, हे ओळखायचा माझा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे बोल्ट. विलीसची गाडी इंचात बांधलेली. आपल्याकडे वजनमापांचा कायदा 1956 साली झाला आणि पुढच्या काही वर्षांत देश मेट्रिकवर गेला. गॅरेजात सूत आणि इंच अजून जिवंत आहेत, पण बाजारात नवा बोल्ट मिलिमीटरचाच मिळतो. त्यामुळे ज्या जागी मिलिमीटरचा पाना बसतो, तिथे नंतर कुणाचा तरी हात लागलाय हे नक्की. मी प्रत्येक बोल्ट काढताना वहीत नोंद केली. दरवाजाच्या बिजागऱ्या इंचात. रेडिएटरचे पाय मिलिमीटरमध्ये. पाट्यांचे यू-बोल्ट मिसळलेले. वही भरत गेली तसा गाडीचा इतिहास उलगडत गेला.

आणि मग इंजिन. आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल' खोडून 'डिझेल' लिहिलंय. बाजूला शिक्का आणि साल, 1977. बॉनेटखाली चार सिलिंडरचं विलीस इंजिन नाही. तिथे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-275 ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन आहे.

याचं कारण फार लांब घडलं. ऑक्टोबर 1973मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. आपल्याकडे पेट्रोल महागलं. शेती आणि मालवाहतुकीचं इंधन म्हणून डिझेल स्वस्त ठेवलेलं होतं. पेट्रोलवर चालणारी अवजड वॅगन पोसणं बागायतदारालाही परवडेना. त्याच वेळी बी-275 ट्रॅक्टर गावोगाव होते. महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीतून 1963 साली निघालेली कंपनी ते मुंबईत बनवत होती. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत, आणि इंजिन उघडता येणारा माणूस त्याहून जवळ. पुढे महिंद्रानं स्वतःच्या जीपमध्येही याच घराण्यातलं डिझेल इंजिन बसवलं. गावच्या मिस्त्रीनं आणि कारखान्यातल्या इंजिनिअरनं एकाच प्रश्नाला एकच उत्तर काढलं होतं.

वडापच्या जीपमध्ये दहाबारा माणसं कोंबून प्रवास केलेल्या आपल्या आईवडिलांची पिढी याच डिझेलवर हलली.

इंजिन बदलणं म्हणजे एक काढून दुसरं ठेवणं नव्हे. ट्रॅक्टरचं इंजिन जीपच्या गिअरबॉक्सला जोडायला मध्ये बिडाची एक जाड प्लेट लागते. दोन्हींची मध्यरेषा केसभर जरी चुकली तरी गिअरबॉक्सचं बेअरिंग महिन्याभरात ओरडायला लागतं. माझ्या गाडीतली प्लेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतून, लेथवर कातलेली आहे. शेतीची ऑइल इंजिनं आणि त्यांचे भाग बनवत वाढलेली ही वस्ती, तिला हे काम नवं नव्हतं. प्लेटच्या कडेला सेंटर पंचाचे तीन ठिपके आहेत. त्यांचा अर्थ मला लागेना.

तो अर्थ सांगणारा माणूस सापडला. ज्यांनी हे काम केलं ते मिस्त्री आता ऐंशीच्या पुढे आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. दिसतं कमी, पण प्लेटवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हितं वर, हितं खाली, आन् ह्यो तिसरा बघ, ह्यो क्लचच्या बाजूला." ड्रॉइंग कधी नव्हतंच. माप होतं ते त्यांच्या डोक्यात आणि या तीन ठिपक्यांत.

इथे माझा प्रश्न अडला. जुलै 2021मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. 50 वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली, अशी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला ती काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यासाठीच. नियमाचा हेतू चांगला आहे. पण त्याच्या भाषेत माझी वॅगन बसत नाही, कारण 1977 साली तिचं इंजिन बदललं.

जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या मित्रांचं मत एकच पडलं, डिझेल काढ, विलीसचं इंजिन शोध. शोधलं, मिळालंही. ब्लॉक धड होता, किंमत आवाक्यातली. पेट्रोल इंजिन 4,000 फेऱ्यांपर्यंत मोकळं फिरतं. हे ट्रॅक्टरचं इंजिन 2,000च्या आसपासच थांबतं, म्हणून सपाट रस्त्यावरही गाडी ताशी 50च्या आसपास रेंगाळते. मोह होणारच.

मी आबांना विचारलं. ते रागावले नाहीत, मायेनंही बोलले नाहीत. "काढायचं तर काढ. पर पुढचे पाय आम्ही कापून नवे जोडल्यात. तू परत कापणार. मग ती ना त्यांची ऱ्हायली, ना आमची."

हे बोलणं साधं तांत्रिक होतं आणि बरोबर होतं. चॅसीवरचे मूळ माउंट 1977मध्येच गेले. आता नवे माउंट जोडून जुन्या साच्याचं इंजिन ठेवलं, तर तयार होईल ती 1960 सालची गाडी नसेल. ती आजची गाडी असेल, 1960चा वेश घातलेली. आणि त्या बदल्यात 1977चं काम, ज्याला सरकारी शिक्का आहे, ज्याचा कारागीर अजून बोलतोय, ते भंगारात जाईल. ती प्लेट एकदा सुटी झाली की आबांनंतर ती कुणी तशी बसवू शकेल, याची मला खात्री नाही.

श्रीमंत संस्थानिकांच्या गॅरेजात झाकून ठेवलेल्या गाड्यांना मूळ रूप जपणं परवडलं. कामाच्या गाड्या बदलल्या म्हणून टिकल्या. जी बदलता आली नाही, तिचा पत्रा केव्हाच वितळला. आपल्या देशातल्या मोटारींचा इतिहास लिहायचा, तर या बदलांना डाग म्हणून खरवडून चालणार नाही.

म्हणून डिझेल राहिलं. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या घातल्या, पंप तपासून घेतला. ट्रान्सफर केस विलीसचीच होती, फक्त सील आणि बेअरिंगं बदलली. दरवाजांचे तळ गंजून चाळण झाले होते. ते शिरोलीच्या एमआयडीसीत लोखंडी कपाटं बनवणाऱ्यानं वाकवून दिले. त्याला वेगळी मशीन लागली नाही, आणि लागणारही नव्हती. हे अंग मुळात तशाच मशीनसाठी आखलेलं होतं. पेट्रोल इंजिन मी घेतलं नाही. ज्याच्या जीपमध्ये मूळ माउंट शाबूत होते, अशा एकानं ते नेलं. ते योग्य जागी गेलं.

गाडीला खास नंबर मिळणार नाही. साध्या गाडीसारखी दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी होईल, पास झाली तर चालेल. चालेल म्हणजे रोज चालेल, फक्त रॅलीपुरती नाही. गगनबावड्याच्या पावसात पुढचं एक्सल जोडून तिनं चिखल काढलाही.

तुमच्याही गावी एखादी जीप, ट्रॅक्स किंवा आजोबांची मोटार गोठ्यात उभी असेल. तिला हात घालण्याआधी दोन गोष्टी करा. आरसी बुकाची सगळी पानं, शिक्क्यांसकट, फोनवर टिपून ठेवा. आणि ती दुरुस्त करणारा शेवटचा मिस्त्री हयात असेल, तर त्याला गाडीजवळ उभं करून रेकॉर्डिंग सुरू करा. सुटे भाग उद्याही मिळतील. आबांच्या तीन ठिपक्यांचं माझ्याकडे चौदा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, आणि गाडीच्या कागदांच्या फाइलीत मी त्याचीही नोंद केली आहे.