केवली, आवारू आणि रुमालाखालचा भाव

जावाचा कोड क्लायंटकडे पाठवायचा असला की आम्ही तो आधी ऑबफस्केटरमधून काढतो. ‘कॅल्क्युलेट डिस्काउंट’ नावाच्या फंक्शनचं नाव होतं नुसतं ‘ए’. प्रोग्राम पूर्वीसारखाच चालतो, पण डीकंपाइल करणाऱ्याला अर्थ लागत नाही. ऑकलंड विद्यापीठाच्या कोलबर्ग, थॉम्बरसन आणि लो यांनी १९९७ मध्ये अशा युक्त्यांची वर्गवारी केली.

आपल्या दलालांना ही नावं बदलायची युक्ती फार आधीपासून येत होती! शिरूर-दौंडच्या बाजार समित्यांत आज कांद्याचा भाव मोठ्याने पुकारतात. एके काळी महाराष्ट्रातल्या बाजारांत तो झाकायचे. त्यासाठी होती नंदभाषा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) तिचे आकडे आहेत: केवली म्हणजे एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. बाकी सगळं मराठीच. शेतकरी समोर उभा असताना त्याच्याच मालाचा भाव दोन दलाल बोलणार, आणि त्याला पत्ता नाही. शब्दही नकोत? मग रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची. हे तर एन्क्रिप्टेड चॅनलच झालं, राव!

आता इंजिनियरच्या नजरेने बघा. नंदभाषा फोडणं अवघड नाही. नाव लपतं, वागणूक लपत नाही. सौदा ऐका, मग पैसे किती दिले ते बघा, चार बाजारांत तक्ता तयार. आपण डीबगर लावून दुसरं काय करतो? २००१ मध्ये बराक आणि सहकाऱ्यांनी तर सिद्धच केलं की कुठलाही प्रोग्राम पूर्णपणे झाकेल असा सर्वसाधारण ऑबफस्केटर असूच शकत नाही.

पण शेतकऱ्याची खरी अडचण इथेच होती. त्याच्या हातात पडायचे ते आडत, हमाली, तोलाई कापून उरलेले पैसे. खरा आउटपुट त्याला दिसतच नव्हता, मग ताडून बघणार कशाशी? १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनने नेमकं यावरच बोट ठेवलं: सौदा कापडाखाली होतो, विकणारा अंधारात राहतो.

उपाय म्हणून शेतकऱ्यांना नंदभाषा शिकवायचे वर्ग कोणी काढले नाहीत (काढले असते तर दलालांनी आकडे बदलले असते, आपण नवीन व्हर्जन काढतो तसे). नियंत्रित बाजार आणले. वऱ्हाडात कापसासाठी १८९७ मध्येच कायदा झाला होता. मुंबई प्रांतात १९२७ मध्ये कापसाचा, १९३९ मध्ये शेतमालाचा, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा १९६३ मध्ये. रुमालच काढून घेतला.

दौंड बाजार समितीच्या केडगाव उपबाजारात कांद्याच्या लिलावाला कधी उभे राहा. पुकारलेला भाव शेजारच्या ढिगाचा मालकही ऐकतो, आणि आपला लिलाव सुरू व्हायच्या आत मनात आकडा धरून बसतो.