लेबलावरचा ऐच्छिक मजकूर

तळेघर भीमाशंकरच्या वाटेवर आहे. तेथे मुसळधार पाऊस पडतो, भात आणि नाचणी पिकते. तेथून पूर्वेकडे निघालो की सह्याद्रीची पर्जन्यछाया सुरू होते आणि नारायणगावच्या परिसरात द्राक्षांचे मळे लागतात. याच नारायणगावात १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेऊन फसफसणारी वाइन तयार केली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली गेली. कंपनीचे नाव होते शॅम्पेन इंडेज.

ही वाइन करण्याची रीत विज्ञानाच्या वर्गात सांगण्यासारखी आहे. साधी वाइन बाटलीत भरून तीत साखर व यीस्ट घालतात आणि बूच घट्ट बसवतात. किण्वनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही, तो वाइनमध्येच विरघळतो. लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर घातली तर बाटलीत ६ वातावरणांइतका दाब तयार होतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या दुपटीहून अधिक! पुढे बाटली हळूहळू उलटी करून यीस्टचा गाळ तोंडाशी आणतात, तेवढाच भाग गोठवतात आणि काढून टाकतात. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतावरून या रीतीला ‘मेथोद शॅम्पनवाज’ म्हणत.

आता प्रश्न येतो लेबलाचा. त्यावरचा काही मजकूर सक्तीचा असतो, उदाहरणार्थ मद्यार्काचे प्रमाण. द्राक्षाची जात, हंगामाचे वर्ष, करण्याची रीत या गोष्टी युरोपीय नियमांत ऐच्छिक मानल्या आहेत. ऐच्छिक म्हणजे लिहा अथवा लिहू नका. पण लिहिलेत तर अट पाळा. जात किंवा वर्ष लिहायचे असेल तर निदान ८५ टक्के द्राक्षे त्या जातीची वा त्या वर्षाची हवीत. म्हणजे १००० लिटरच्या टाकीत १५० लिटर वाइन दुसऱ्या जातीची असली, तरी लेबलावर एकट्या ‘शार्दोने’चे नाव चालते. विद्यार्थ्यांना हे गणित घालून पाहावे. ‘मग उरलेल्या १५ टक्क्यांचे काय?’ असे कोणीतरी विचारीलच.

रीतीच्या नावाचा वाद मात्र टक्केवारीने सुटणारा नव्हता. युरोपीय समुदायाने १९८५ मध्ये ठरवले, की शॅम्पेनबाहेरच्या उत्पादकांनी ‘मेथोद शॅम्पनवाज’ हे शब्द ३१ ऑगस्ट १९९४ नंतर वापरू नयेत. जर्मनीतील मोझेल खोऱ्याच्या एका उत्पादक संघाने याविरुद्ध दाद मागितली. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते: रीत तीच, मग नाव का नको? १३ डिसेंबर १९९४ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल विरुद्ध दिला. शॅम्पेन हे गावाशिवाराशी बांधलेले नाव आहे, आणि ‘पारंपरिक रीतीने बाटलीत किण्वन’ असे लिहायला वाट मोकळी आहे, असा त्याचा आशय. भेसळ करणाऱ्याला रोखणे सोपे; येथे खरे बोलणाऱ्याला एक शब्द सोडावा लागला. आम्हाला हा निकाल कठोर वाटतो, तरी अन्यायाचा वाटत नाही.

कारण हीच तलवार आपल्याही बाजूने चालते. १९९५ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारात वाइनसाठी ‘अमुक प्रकारची’, ‘तमुक शैलीची’ अशी पळवाटही बंद केली आहे. भारताने १९९९ मध्ये भौगोलिक निर्देशकांचा कायदा केला, तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ हे नाव त्याखाली नोंदले गेले. नाशिकबाहेरच्या द्राक्षांना, मग ती नारायणगावची का असेनात, ते नाव लावता येत नाही.

शॅम्पेन इंडेजचे नाव नंतर ‘इंडेज व्हिंटनर्स’ झाले, आणि पुढे ती कंपनी कर्जात बुडाली.